साडेसहानंतरची दहावी

परळमधल्या एका रात्रशाळेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना ‘मुलं शाळा कधी सोडतात’ असं विचारलं, तर त्या परीक्षेचं नाव घेत नाहीत, निकालाचंही नाही. त्या सांगतात, गणपतीनंतर.

जूनमध्ये वर्ग भरलेला असतो. पावसात लोकल अडकल्या की चार-दोन जण कमी, एवढंच. मग गणपती येतात. लालबाग-परळमधून त्या दहा दिवसांत संध्याकाळी वाट काढणं म्हणजे दिव्य असतं. रस्ते बंद, दर्शनाच्या रांगा, जागोजागी बांधलेले बांबू. कोकणातली मुलं आधीच गावी गेलेली असतात. उरलेल्यांना हार-फुलांच्या, मिठाईच्या, केटरिंगच्या कामांत रात्री उशिरापर्यंत जादा पैसे मिळतात, आणि ते पैसे हातात पडण्याआधीच घरात कशासाठी तरी ठरून गेलेले असतात. अनंत चतुर्दशी होते, मांडव उतरतात, रस्ते मोकळे होतात. वर्गातली काही बाकं मात्र रिकामीच राहतात. दिवाळीच्या तोंडावर दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, तेव्हा आणखी काही रिकामी होतात.

वरवर पाहिलं तर कारण सरळ आहे: काम वाढलं, शाळा सुटली. पण एकाच मालकाकडे, एकाच पाळीत काम करणारी दोन मुलं असतात. त्यातलं एक परत येतं, दुसरं येत नाही. हे का, असं बाई परत आलेल्यांना विचारू लागल्या, आणि न आलेला कोणी नाक्यावर भेटला तर त्यालाही. उत्तर जवळजवळ एकच मिळायचं. “मॅडम, एवढे दिवस गेले. आता येऊन बसलो तर काहीच कळणार नाही. सगळे बघणार.” तीन दिवस चुकले की चौथ्या दिवशी पाय अवघडतात. पंधरा दिवस चुकले की मुलगा शाळेच्या गल्लीतून जायचंच टाळतो. थकवा, पैशाची ओढ, घरची कटकट ही ओझी खरीच आहेत. पण ती डोक्यावर घेऊनही मुलं महिनोन्‌महिने शाळेत येतात. त्यांना थांबवते ती परत येण्याची लाज. बाईंच्या वर्गातल्या सगळ्या गोष्टी, बसण्याच्या जागेपासून प्रश्नांच्या क्रमापर्यंत, या एका निरीक्षणाभोवती उभ्या राहिल्या आहेत.

रात्रशाळा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर गिरणगावातल्या रात्रशाळांत पाळी संपवून आलेले कामगार आणि त्यांची कमावती मुलं बसत. याच गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. आज त्या बाकांवर ऑफिसांच्या कँटीनमधली पोरं असतात, कुरिअरची पाकिटं वाटणारे असतात, गवंड्याच्या हाताखाली काम करणारे असतात, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या मुली असतात, आणि संसाराची घडी बसल्यावर पुन्हा पाटी हातात घेतलेल्या बायका. शाळा साडेसहा ते साडेनऊ. दिवसाच्या शाळेपेक्षा वेळ जवळपास निम्मा. अभ्यासक्रम तोच, बोर्ड तेच, प्रश्नपत्रिकाही तीच.

इमारत दिवसाच्या शाळेची असते. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पुसू नये’ लिहिलेला मजकूर असतो, तो सांभाळून उरलेल्या जागेत लिहायचं. प्रयोगशाळेला कुलूप. बाकं लहान मुलांच्या मापाची, त्यात सहा फुटी तरुण गुडघे दुमडून बसतो. ट्यूबलाइट दोन, त्यातली एक फडफडणारी. फळ्यावरचे आकडे वहीत चुकीचे उतरतात म्हणून एका मुलाला सगळे ‘गणितात कच्चा’ समजत होते. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर आणून बसवलं, तेव्हा आकडे बरोबर उतरू लागले. त्याला चष्मा हवा होता, आणि आजवर त्याचे डोळे कोणी तपासलेच नव्हते. तेव्हापासून जूनमध्ये वर्गातल्या प्रत्येकाला शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावणं हा बाईंचा ठरलेला कार्यक्रम आहे. ‘कच्चा’ हा शब्द शाळेत फार लवकर वापरला जातो. आधी तपासण्यासारख्या कितीतरी साध्या गोष्टी असतात.

त्यातली पहिली भूक. सकाळी सहाला घर सोडलेला मुलगा संध्याकाळी थेट कामावरून येतो. मध्ये चहा आणि फार तर एक वडापाव. शाळेतलं मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच असतं. रात्रशाळेतली बहुतेक मुलं त्या चौकटीच्या बाहेर पडतात. निकिता केतकर यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ‘मासूम’ ही संस्था मुंबईतल्या रात्रशाळांमध्ये अल्पोपहार, पुस्तकं, फिरती प्रयोगशाळा अशी मदत पोहोचवते. तिने खाण्याला दिलेलं महत्त्व किती अचूक आहे हे सातच्या तासाला वर्गात उभं राहिल्यावर समजतं. बाईंच्या शाळेत शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून केळी, चणे, कधी उसळ-पाव अशी सोय केली. खाणं कधी द्यायचं यावर बराच खल झाला. मधल्या सुट्टीत दिलं तर आधीचे दोन तास वाया जातात. म्हणून ते दारातच ठेवलं जातं. आत येताना घ्यायचं, बाकावर बसून खायचं, खाता खाता फळ्याकडे बघायचं. शिस्तीच्या जुन्या कल्पनेत हे बसत नाही. पण पहिल्या तासाला डुलक्या घेणारी डोकी कमी झाली, आणि सातला येणारे काहीजण साडेसहाला येऊ लागले.

उशिराचा प्रश्न यालाच लागून. फोर्टमधल्या कँटीनचा मुलगा सव्वासातच्या आधी पोहोचूच शकत नाही. त्याने दारात उभं राहून परवानगी मागायची, सगळ्या वर्गाने मान वळवून बघायचं आणि त्याने ओशाळून शेवटच्या बाकाकडे जायचं, हा रोजचा प्रकार बाईंनी बंद केला. दाराजवळची दोन बाकं उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली. दार उघडंच. यायचं आणि बसायचं. तासाची घडणही त्यांनी त्यासाठी बदलली. पस्तीस मिनिटं सलग शिकवण्याऐवजी मजकुराचे छोटे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एक कल्पना, एक सोडवलेलं उदाहरण आणि एक स्वतः सोडवायचं. सव्वासातला आलेल्याचा एक तुकडा हुकतो, पण पुढचा त्याला पहिल्यापासून मिळतो.

तासाची सुरुवात मात्र कायम पाच प्रश्नांनी होते. एक कालचा, दोन गेल्या आठवड्यातले, दोन जुने. वही मिटलेली, कागदाचा चिठोरा पुढे, आठवेल ते लिहायचं. मग उत्तरं फळ्यावर येतात, ज्याची त्याने तपासायची. गुण नाहीत, नावं नाहीत, कागद गोळा करणं नाही. घरी अभ्यासाला जागा नाही आणि वेळ नाही अशा मुलांसाठी उजळणीची एवढीच खात्रीची वेळ आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. ‘वाचलं होतं हो मॅडम, पेपरात आठवलं नाही’ हे वाक्य दर मार्चमध्ये ऐकणाऱ्या कोणालाही यातला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या पाच प्रश्नांतला एक प्रश्न बऱ्याचदा कोणा एकासाठी असतो. आठ दिवसांनी परत आलेला मुलगा बसला की बाई जुन्या भागातलं असं काहीतरी विचारतात जे त्याला नक्की येत होतं. त्याचं उत्तर बरोबर येतं. कोणी टाळ्या वाजवत नाही, बाईही काही बोलत नाहीत. पण तो दुसऱ्या दिवशी येतो.

परत येण्याची वाट शाळेबाहेरूनही तयार करावी लागते. प्रत्येकाला एक जोडीदार आहे. जोडीदार आलाच नाही तर त्याला त्याच रात्री निरोप जातो: फळ्याचा फोटो आणि आज काय झालं हे सांगणारा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप. ‘का आला नाहीस’ हा प्रश्न विचारायचा नाही, असा नियम आहे. त्याचं कारण बाईंकडे पक्कं आहे. का आला नाहीस म्हटलं की समोरचा खुलासा शोधू लागतो, खुलासा सापडला नाही की फोन उचलणं बंद करतो. आज काय झालं हे कळलं की उद्या येण्यातली निम्मी भीती जाते. हजेरीपट सरकारला लागतो. बाईंची स्वतःची वेगळी वही आहे, तिच्यात लागोपाठ दोन दिवस न आलेल्यांची नावं असतात. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः फोन करतात. घरी जाण्याची वेळ क्वचित येते, पण आली तर जातात. चाळीत, झोपडपट्टीत, एकदा बांधकाम चाललेल्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे मजूर राहत होते.

शिकवताना बाईंना सर्वांत मोठी मदत झाली ती वर्गातल्या मुलांच्या कामांची. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी येतो. केंद्राचा वाटा आणि राज्याचा वाटा सारखा, करपात्र किंमत, इन्पुट क्रेडिट. दिवसाच्या शाळेतल्या मुलांना हा धडा पाठ करावा लागतो. इथे किराणा मालाच्या होलसेल दुकानात बिलं फाडणारा मुलगा बसलेला होता. बाईंनी त्याला खिशातलं बिल बाहेर काढायला सांगितलं आणि खडू हातात दिला. दुकानदाराने माल घेताना भरलेला कर विकताना जमा केलेल्या करातून कसा वजा होतो, हे त्याने आपल्या दुकानातल्या तेलाच्या डब्यावरून असं समजावलं की मागचे बाकही पुढे सरकले. वर्षभर हा मुलगा एक शब्द बोललेला नव्हता.

गवंड्याच्या हाताखालच्या मुलाची गोष्ट त्याहून सुंदर आहे. पायथागोरसचं प्रमेय चाललं होतं. तो म्हणाला, “मॅडम, हे आम्ही रोज करतो. छोटं असेल तर गुण्या लावतो. खोली मोठी असली की दोरी. इकडे तीन फूट, तिकडे चार, तिरकं पाच भरलं की कोपरा बरोबर.” बाईंनी फळ्यावर नऊ, सोळा आणि पंचवीस लिहिलं. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला, मग विचारलं, असे आणखी आहेत का? पाच, बारा, तेरा हे आकडे त्याने कागदावर लिहून नेले आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं की साइटवर टेप लावून बघितलं, बरोबर येतं. मुकादमालाही दाखवलं. इलेक्ट्रिशियनबरोबर फिरणाऱ्या मुलाने विद्युतधारेच्या परिणामांच्या धड्याला फ्यूजची तार आणि जळालेला एमसीबी आणला. पगाराच्या चिठ्ठीवरून शेकडेवारी शिकताना भविष्यनिर्वाह निधीचे मूळ पगाराच्या बारा टक्के का कापले जातात ते कळलं, आणि ज्यांच्या पगारातून कापले जातात पण कुठे जमा होतात हे कधी पाहिलंच नव्हतं, अशा दोघांनी आपला खाते क्रमांक मागून घेतला.

सगळा अभ्यासक्रम असा कामाला जोडता येत नाही. वर्गसमीकरणं कँटीनमध्ये भेटत नाहीत, आणि बाई तसा आवही आणत नाहीत. ती सरावानेच शिकावी लागतात. पण ज्याने एकदा वर्गाला काही शिकवलं आहे, तो न समजलेलं विचारायला बिचकत नाही. वर्गात त्याचं एक स्थान तयार झालेलं असतं, आणि ते नापास झाल्यानेही जात नाही. मला वाटतं, अभ्यासात मन लागणं म्हणून जे म्हणतात त्याचा बराच भाग हाच असावा.

मग येतो पायाचा प्रश्न. दहावीच्या वर्गात बसलेल्या काहींना भागाकार येत नाही. शाळा पाचवीत सुटली, मधली वर्षं कामात गेली, आणि आता वयानुसार वरच्या वर्गात. पूर्वी अशा मुलांसाठी सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो बंद झाला. बाईंनी शनिवारचा एक तास यासाठी वेगळा काढला. वर्गाचे गट इयत्तेने नव्हे, येतं काय यावरून पडतात: भागाकाराचा एक, अपूर्णांकांचा एक, ऋण संख्यांचा एक. गटाला शिकवतो तो त्या पायरीवरून नुकताच वर गेलेला विद्यार्थी. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना ‘बालसखी’ म्हणून तयार करून तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं बसवून पायाभूत गोष्टी शिकवल्या होत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले: मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे अधिक वाढले. मूल जिथे आहे तिथून शिकवायचं, इतकी साधी ही गोष्ट. तरीही शाळेचं वेळापत्रक तिच्यासाठी जागा ठेवत नाही, आणि ती एखाद्या बाईंना शनिवारातून खेचून काढावी लागते, याचं वाईट वाटतं.

वर्गात एक चौतिशीतल्या ताई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, बाई मात्र ‘ताई, तुम्ही’ असंच बोलत. त्यांची मुलगी त्याच वर्षी दिवसाच्या शाळेत दहावीला होती. घरात टेबल एकच, पुस्तकांचे संच दोन. मुलगी आईला भूमितीच्या रचना शिकवायची, आई मुलीचे मराठीचे निबंध वाचून कुठे मन लागलेलं नाही ते सांगायची. नवरा आधी नाखूश होता. सहामाहीचे गुण बघून त्याने रात्रीचं जेवण गरम करून ठेवायला सुरुवात केली. ताईंचं म्हणणं होतं, की शाळेत आपल्याला कोणी ‘या वयात कशाला’ असं एकदाही विचारलं नाही, म्हणून आपण टिकलो.

बोर्डाची परीक्षा मात्र रात्री होत नाही. पेपर सकाळी अकराला. ज्यांनी वर्षभर दिव्याच्या उजेडात लिहिलं, त्यांना भर दिवसा, अनोळखी केंद्रावर, लागोपाठ दोन-तीन तास लिहायचं असतं. दिवसभर पिशव्या उचलणारा हात तासाभरात आखडतो. येत असलेली उत्तरं कोरी राहतात. त्यासाठी जानेवारीपासून रविवारी सकाळी अकराला पूर्ण वेळेचा सराव पेपर. आधी चौकटी भरून पूर्ण करायच्या कृती आणि एकेका गुणाचे प्रश्न, मग मोठी उदाहरणं, असा क्रमही तिथेच बसतो.

आणि सुट्टी. परीक्षेला सुट्टी मिळाली नाही म्हणून वर्ष बुडालेली मुलं प्रत्येक रात्रशाळेला माहीत आहेत. बोर्डाचं वेळापत्रक हातात आलं की बाई आणि त्यांचे एक सहकारी मालकांकडे जातात. दुकानात, साइटवर, ऑफिसच्या तळघरातल्या कँटीनमध्ये. विनंतीच्या पत्रावर शाळेचा शिक्का, खाली पेपरच्या तारखा. बहुतेक मालक ऐकतात. काहींना आपल्याकडचा पोरगा दहावीला आहे हे तेव्हाच कळतं. एका कँटीनच्या कंत्राटदाराने अडचण मांडली: चार पोरं एकदम सोडली तर दुपारचं जेवण कोण वाढणार? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोडगा माजी विद्यार्थ्यांनी काढला. त्याच शाळेतून दहावी झालेले, आता दुसरीकडे नोकरीला असलेले तिघे-चौघे आळीपाळीने रजा घेऊन पेपरच्या दिवशी त्या कँटीनमध्ये दुपारी वाढायला उभे राहिले.

निकाल दुपारी एकला जाहीर होतो. त्या दिवशी संध्याकाळी शाळा उघडी असते, आणि बाईंचे पहिले फोन पास झालेल्यांना जात नाहीत. पूर्वी राहिलेल्या विषयांची परीक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची, मध्ये चार महिने रिकामे जायचे आणि त्या रिकाम्या महिन्यांत मुलगा हातचा जायचा. २०१५ पासून पुरवणी परीक्षा जुलैमध्ये होऊ लागली. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं. तेही फोनवर सांगायचं. फॉर्म त्याच आठवड्यात भरला जातो, फी नसेल तर शाळेतून. आणि जुलैपर्यंतच्या त्या थोड्या आठवड्यांसाठी राहिलेल्यांना वेगळं बसवलं जात नाही. दहावीचा नवा वर्ग सुरू झालेला असतो, त्यातच ती बसतात. दारातलं केळं घेतात, पाच प्रश्नांचा चिठोरा सोडवतात. गवंडीकाम करणारा मुलगा इंग्रजीत राहिला होता, तो असाच बसला. पायथागोरसच्या तासाला नव्या मुलांना वर्गाचा कोपरा दोरीने मोजून दाखवायचं काम बाईंनी त्याला दिलं, आणि इंग्रजीचे सर रोज साडेनऊनंतर अर्धा तास त्याच्यासाठी थांबू लागले.